धम्मदेसना घरापर्यंत पोहोचावी कशी?
(सातारा-सांगलीच्या श्रोत्यांसमोर बोलणाऱ्या प्रवचनकारांसाठी काही विचार)

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात माण तालुक्यातील एका लहानशा गावी आम्हांस धम्मप्रवचनाचे निमंत्रण होते. विषय आम्हीच सुचविला होता : प्रतीत्यसमुत्पाद. तयारीही भरपूर केली होती. बारा निदाने, त्यांचा अनुलोम व प्रतिलोम क्रम, निरनिराळ्या आचार्यांची मते असे सारे वहीत उतरवून नेले होते. बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले आणि आम्ही सव्वा तास बोललो. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी टाळ्या झाल्या, शाल मिळाली. आम्ही समाधानाने झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरी मुक्काम होता त्या घरची सून अंगण झाडीत होती. रात्री पाहुण्यांचा स्वयंपाक आणि लहान मूल यांमुळे ती विहारात येऊ शकली नव्हती. तिने सासूला विचारले, "आत्याबाई, काल पावण्यांनी काय सांगितलं?" म्हातारी क्षणभर थांबली. म्हणाली, "लई चांगलं बोललं बाई. लई शिकल्यालं हाईत." सून पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. पुढचे वाक्य आले नाही.

ती म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती आणि सव्वा तासात एकदाही उठली नव्हती. तिच्या ऐकण्यात उणीव नव्हती. सुनेपर्यंत नेण्याजोगे काही आम्हीच तिच्या हाती दिले नव्हते. त्या सकाळपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. प्रवचन यशस्वी झाले असे केव्हा म्हणावे? ते संपले तेव्हा, टाळ्या झाल्या तेव्हा, की जी व्यक्ती येऊ शकली नाही तिच्यापर्यंत ते पोहोचले तेव्हा? या लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विहारात बोलणारे, जयंतीच्या व्यासपीठावर उभे राहणारे, नव्याने बोलू लागलेले युवक-युवती आणि उपासिका या सर्वांना त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे.

कोसंबीची खुज्जुत्तरा

बौद्ध परंपरेत या प्रश्नाचे उत्तर एका दासीच्या रूपाने उभे आहे. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती हिच्याकडे खुज्जुत्तरा नावाची दासी होती. राणीसाठी रोज फुले आणणे हे तिचे काम. फुलांसाठी मिळालेल्या पैशांतील अर्धे ती स्वतःजवळ ठेवीत असे, असे अट्ठकथा सांगते. एके दिवशी फुले आणावयास गेली असता तिने भगवान बुद्धांची देसना ऐकली. त्या दिवशी तिने सर्व पैशांची फुले आणली. एवढी फुले कशी, असे राणीने विचारताच तिने आपली पूर्वीची चोरी कबूल केली आणि आज हे का बदलले तेही सांगितले.

राण्यांना राजवाड्याबाहेर जाऊन देसना ऐकण्याची मोकळीक नव्हती. त्यांनी खुज्जुत्तरेला स्नान घातले, उंच आसनावर बसविले आणि ऐकलेले सांगण्याची विनंती केली. पुढे ती रोज देसना ऐके आणि अंतःपुरात येऊन जशीच्या तशी सांगे. इतिवुत्तक या ग्रंथातील सुत्ते तिच्याच मुखातून जतन झाली अशी परंपरा आहे. बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिल्याची नोंद अंगुत्तर निकायात आहे.

ही कथा आपण बहुधा खुज्जुत्तरेच्या थोरवीसाठी सांगतो. वक्त्यासाठीही तिच्यात एक धडा आहे. दासीने एकदा ऐकावे आणि दुसऱ्यांना सांगावे इतकी त्या देसनेची मांडणी स्वच्छ होती. आपल्या प्रत्येक सभेत एक खुज्जुत्तरा बसलेली असते. तिच्या घरी सून असते, ऊसतोडीला गेलेला मुलगा असतो, मुंबईला दिलेली मुलगी असते. ती त्यांना काय सांगू शकेल, येथून आपल्या तयारीस आरंभ झाला पाहिजे.

उदायीला उद्देशून सांगितलेली पाच अंगे

याच कोसंबीतील आणखी एक प्रसंग अंगुत्तर निकायात आहे. घोषितारामात उदायी नावाचे भिक्खू मोठ्या गृहस्थपरिषदेसमोर धम्म सांगत होते. आनंदांनी ते पाहिले आणि भगवंतांना कळविले. भगवंतांनी त्यावर स्तुतीही केली नाही आणि निंदाही केली नाही. दुसऱ्यांना धम्म सांगणे सोपे नाही, असे म्हणून त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. धम्म क्रमाक्रमाने सांगावा. कारणे दाखवून सांगावा. अनुकंपेपोटी सांगावा. लाभाच्या इच्छेने सांगू नये. स्वतःला व इतरांना न दुखविता सांगावा.

वक्तृत्वावर आज पुष्कळ पुस्तके मिळतात. हातवारे कसे करावेत, आवाज कोठे चढवावा, विनोद केव्हा करावा हे त्यांत असते. ते निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र या पाच अंगांतील पहिली दोन मांडणीविषयी आहेत आणि उरलेली तीन वक्त्याच्या मनाविषयी आहेत, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात येईल. मन चुकले की मांडणी कितीही सुबक असली तरी वाया जाते. पुढील विवेचन आम्ही याच पाच अंगांच्या आधारे करीत आहोत.

या मातीतील श्रोता

कोणासमोर बोलावयाचे आहे हे आधी पाहू. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकच मुलूख होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकण्यात मुरलेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत याच भागातील खेड्यापाड्यांत पोहोचले ते जलशांमुळे. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे गाव आणि त्याच तालुक्यातील वाटेगाव हे अण्णाभाऊ साठे यांचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा हजारो माणसांनी या परंपरेतून विचार ऐकला, समजून घेतला आणि पुढे सांगितला.

जलशाने हे कसे साधले? लोकांना ठाऊक असलेला तमाशाचा साचा त्याने घेतला आणि सावकार, भटजी, शेतकरी अशा ओळखीच्या माणसांच्या संवादातून नवा विचार मांडला. श्रोता घरी गेला की तो संवाद पुन्हा म्हणून दाखवू शके. अण्णाभाऊंनी १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना असेच केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे ही सर्वांना ठाऊक असलेली कल्पना त्यांनी उचलली आणि तो भार वस्तुतः श्रमणाऱ्यांच्या तळहातांवर आहे असे सांगितले. ते भाषण ज्यांनी कधी वाचले नाही त्यांनाही हे चित्र ठाऊक आहे. ते एकाने दुसऱ्याला सांगितले म्हणून टिकले.

तेव्हा खेड्यातील लोकांना समजत नाही, ही वक्त्यांची नेहमीची तक्रार निदान या दोन जिल्ह्यांत तरी करता येणार नाही. न समजण्याचे कारण बहुधा सांगण्यात असते.

तयारीची पहिली पायरी : श्रोत्याची चौकशी

निमंत्रण येताच आपण विषय विचारतो. त्याआधी विचारण्याजोगे पुष्कळ असते. सभा किती वाजता सुरू होते आणि शेवटची एस. टी. किती वाजता जाते? त्या दिवसांत शेतात कोणते काम चालू आहे? येणाऱ्यांत स्त्रिया किती, शाळकरी मुले किती? गावात अलीकडे कोणाचे निधन झाले आहे काय? वस्तीत काही तंटा चालू आहे काय? मागील आठवड्यात कोण काय बोलून गेले? विहार समितीच्या एखाद्या जाणत्या उपासिकेस दूरध्वनी केला तर पाच मिनिटांत हे सारे कळते. माण, आटपाडी, जत या तालुक्यांतील पावसाची वाट पाहणारा श्रोता वेगळा आणि कृष्णाकाठी उसाच्या व हळदीच्या शेतात दिवसभर राबून आलेला श्रोता वेगळा. दोघांनाही एकच वही वाचून दाखविणे म्हणजे दोघांचाही अनादर करणे होय.

धम्मपद-अट्ठकथेत आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. देसना ऐकावयास निघताना त्याचा बैल हरवला. तो शोधण्यात दिवस गेला आणि उपाशीपोटीच तो सभेत पोहोचला. भगवान तोपर्यंत मौन धरून त्याची वाट पाहत राहिले होते. तो येताच त्यांनी प्रथम त्याला भोजन देण्यास सांगितले आणि मग देसना केली. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भूक हा मोठा रोग आहे असे त्यांनी समजावले. ज्या सभेत लोक रात्री दहा वाजेपर्यंत जेवणाविना बसले आहेत आणि स्वागत, परिचय, सत्कार, पुन्हा स्वागत असा क्रम चालू आहे, तेथे ही कथा आठवावी. वक्त्याने आपला सत्कार व परिचय आटोपशीर ठेवण्याची विनंती आधीच करावी. तो वेळ श्रोत्यांचा असतो.

एक विधान, आणि त्याकडे नेणारा क्रम

दुसरी पायरी म्हणजे निवड. आपणास विषयातील जे जे ठाऊक आहे ते सारे सांगण्याचा मोह होतो. आमच्या सव्वा तासाच्या प्रवचनाचा दोष हाच होता. आता आम्ही एक नियम पाळतो. श्रोत्याने घरी जाऊन सांगावे असे एकच विधान, पाचवीतल्या मुलाला कळेल अशा शब्दांत, कागदाच्या माथ्यावर लिहितो. ते लिहिता आले नाही तर विषय आपल्यालाच समजलेला नाही असे मानतो. प्रतीत्यसमुत्पादावर बोलावयाचे तर विधान असे : दुःख नशिबाने येत नाही, कारणाने येते, कारण दूर केले की दुःख दूर होते. या विधानास पुष्टी न देणारी माहिती कितीही मोलाची असो, ती त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी.

पुढचा प्रश्न क्रमाचा. भगवंत नव्या गृहस्थ श्रोत्यास एकदम चार आर्यसत्ये सांगत नसत. प्रथम दान, मग शील आणि अशा रीतीने श्रोत्याचे मन तयार झाले की मग दुःख, त्याचे कारण, निरोध व मार्ग, असा क्रम असे. यालाच आनुपुब्बिकथा म्हणतात. परिचित गोष्टीपासून अपरिचित गोष्टीकडे जाणे हे तिचे मर्म आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात याचा एक उत्कृष्ट नमुना आहे आणि त्याची भूमी सातारा जिल्हाच आहे. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील शाळेत दाखल झाले. १९०१ मध्ये त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारतर्फे तलाव खोदला जात होता. सुट्टीत वडिलांकडे जाण्यासाठी लहानगे भीमराव, त्यांचे बंधू व बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचे वागणे बदलले. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर आणि मुलांनी स्वतः गाडी हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. जवळ भरपूर अन्न होते, परंतु वाटेत कोणी पाणी देईना. म्हणून मुले त्या रात्री उपाशी झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनपर टिपणांत सांगितला आहे. ती टिपणे १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकास कळत नाही, ही अडचण त्यांनी आरंभीच ओळखली आहे. ती समजावण्याचे दोन मार्ग त्यांना दिसतात. एक सर्वसाधारण वर्णनाचा आणि दुसरा प्रत्यक्ष प्रसंग नोंदविण्याचा. दुसरा अधिक परिणामकारक वाटतो म्हणून तो निवडल्याचे ते सांगतात. ज्याने जातिसंस्थेवर जगन्मान्य विद्वत्तेचे ग्रंथ लिहिले, त्या महापुरुषास सिद्धान्त मांडणे अवघड नव्हते. तरीही अनोळखी वाचकासमोर त्यांनी तहानलेली मुले उभी केली. वाचक ती मुले विसरत नाही आणि त्यांच्यामागचा सिद्धान्तही विसरत नाही.

तेव्हा प्रवचनाचा क्रम साधारणपणे असा ठेवावा. आरंभी श्रोत्यांच्या जीवनातील अथवा परंपरेतील एक प्रसंग. त्यातून उठणारा प्रश्न. त्या प्रश्नाचे धम्मातील उत्तर व त्याची कारणे. शेवटी, उद्यापासून घरी करता येईल अशी एक कृती. आरंभीचा प्रसंग आणि शेवटची कृती या दोन गोष्टी श्रोता हमखास घरी नेतो. मधल्या भागाचा आशय या दोहोंना जोडलेला असेल तर तोही त्यांच्यासोबत जातो.

श्रोत्याच्या मनातील प्रश्न आणि त्याचे कारण

उदायी-प्रसंगातील दुसरे अंग कारणे दाखविण्याचे आहे. आपल्या धम्मात केवळ कोणी थोर पुरुषाने सांगितले म्हणून मानावे असे नाही. प्रवचनकार मात्र पुष्कळदा 'बाबासाहेबांनी सांगितले आहे' एवढ्यावर थांबतो. बाबासाहेब स्वतः असे थांबत नसत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे मराठी भाषण केले, त्याच्या आरंभीच्या भागात त्यांनी लोकांच्या मनातील प्रश्नच हाती घेतला : या कार्यासाठी नागपूर का निवडले? त्याविषयी जे तर्क चालू होते ते त्यांनी सांगितले, ते का खरे नाहीत हे सांगितले आणि मग नागलोकांच्या इतिहासाचे आपले कारण दिले. लाखो लोकांनी त्यांच्या एका शब्दावर धम्म स्वीकारला होता. अशा श्रोत्यांनाही कारण सांगणे त्यांनी आवश्यक मानले.

म्हणून तयारी करताना एका कागदावर श्रोत्यांचे संभाव्य प्रश्न लिहावेत. घरातील जुना देव्हारा काढला तर म्हातारीला वाईट वाटते, काय करावे? लग्न बौद्ध पद्धतीने केले, पण पाहुणे नाराज झाले. मुलगा विचारतो, पुनर्जन्म नाही तर पुण्य कशासाठी? या प्रश्नांना टाळून केलेले प्रवचन सुंदर असू शकते, पण ते विहाराच्या पायरीवरच राहते.

कारणांबरोबर पुराव्याचीही काळजी घ्यावी. बाबासाहेबांच्या नावावर अनेक वाक्ये आणि आख्यायिका फिरत असतात. आता त्या भ्रमणध्वनीवरून घटकेत गावोगाव पोहोचतात. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन व भाषणांच्या खंडांपैकी अठराव्या खंडाच्या तीन भागांत त्यांची मराठी भाषणे एकत्र मिळतात. वाक्य तेथे पाहून घ्यावे. सापडले नाही तर सांगू नये. आपण चुकीचे सांगितले तर खुज्जुत्तरा ते चुकीचेच घरी नेईल आणि पुढे तिला कोणी खोटे पाडले तर तिचा मान जाईल, आपला नव्हे.

अनुकंपा, निर्लोभ आणि अघात

आता उरलेली तीन अंगे. आमच्या मते आजच्या प्रवचनांचे खरे दुखणे येथेच आहे.

न आलेल्या लोकांबद्दल आलेल्या लोकांना रागावणे, हा आपल्याकडील एक रूढ प्रकार आहे. 'आपला समाज सुधारणार नाही' हे वाक्य ज्यांना ऐकावे लागते ते बिचारे दिवसभराचे काम उरकून विहारात आलेले असतात. पालीच्या यात्रेला जाणाऱ्या, अंगात येणाऱ्या अथवा नवस करणाऱ्या बायांची व्यासपीठावरून टिंगल केली जाते. हशा होतो. त्या हशात एखादी बाई पदर तोंडावर घेऊन बसलेली असते. पुढच्या रविवारी ती येत नाही. तिच्या नवसामागे आजारी मूल आहे, दवाखान्याला पैसे नाहीत, हे समजून घेऊन बोलणे म्हणजे अनुकंपा. अंधश्रद्धा चूक आहे हे स्पष्टच सांगावे. सांगताना ती बाई आपल्या बाजूस उभी राहील असे सांगावे.

अघाताचा अर्थ आणखी व्यापक आहे. अन्य समाजांना, अन्य गटांना वा अन्य नेत्यांना शिव्या दिल्या की टाळ्या सहज मिळतात. आपण रात्रीच्या गाडीने परततो. बोललेल्या शब्दांची किंमत मात्र त्या वस्तीला मोजावी लागते. सकाळी तिला त्याच गावच्या पाणवठ्यावर, त्याच शेतावर, त्याच दुकानात जावयाचे असते. याचा अर्थ अन्यायाविषयी मौन पाळावे असा नव्हे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये अध्यक्षीय भाषणातील मजकुरावर हरकत घेतली, तेव्हा बाबासाहेबांनी त्यात बदल करण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. सत्याचा स्वल्पविरामही सोडू नये, हा एक धडा. त्या भाषणात युक्तिवाद आहे, पुरावा आहे आणि शिवीगाळ नाही, हा दुसरा. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात हेच विवेचन आहे. जे खरे व हितकर आहे ते ऐकणाऱ्यास अप्रिय असले तरी बोलावे, मात्र योग्य वेळ पाहून बोलावे.

लाभाच्या इच्छेविषयी थोडेच लिहितो. प्रवासखर्च घेण्यात गैर काही नाही. परंतु मानधन, छायाचित्र, पुढील निवडणूक वा पुढील निमंत्रण मनात ठेवून बोलणारा वक्ता लोकांना चटकन ओळखू येतो. या भागातील श्रोते तोंडावर काही बोलत नाहीत. ते उठून जातात आणि पुन्हा येत नाहीत.

प्रत्यक्ष बोलताना

भाषेचा प्रश्न पहिला. दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत रचण्याची अनुज्ञा मागितली असता भगवंतांनी ती नाकारली, असे विनयपिटक सांगते. ज्याने त्याने आपापल्या भाषेत धम्म शिकावा, हा त्या नकाराचा गाभा आहे. पाली शब्द टाळू नयेत, कारण ते आपले धन आहे. परंतु एका प्रवचनात दोन-तीनच नवे शब्द द्यावेत, प्रत्येकाचा अर्थ लगेच सांगावा आणि तो शब्द श्रोत्यांकडून एकदा म्हणवून घ्यावा. सातारी वा सांगली बोलीत बोलणाऱ्या तरुणाने व्यासपीठावर चढताच पुस्तकी भाषेचे सोंग घेऊ नये.

प्रवचन लिहून काढावे, पण वाचून दाखवू नये. लिहिल्याने विचार नेमका होतो. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मुद्दे उतरवावेत आणि घरच्या माणसासमोर एकदा मोठ्याने बोलून पाहावे. जेथे घरची माणसे जांभई देतात तेथे सभाही देते. वेळ घड्याळ लावून मोजावा. सायंकाळच्या सभेस पाऊण तास पुरे. विहारात वेळेपूर्वी अर्धा तास जावे आणि ओट्यावर बसून दोन-चार जणांशी बोलावे. त्यांच्या तोंडची एखादी गोष्ट प्रवचनात आली की सभा आपली होते. ध्वनिक्षेपक आधी तपासावा. वीज गेली तर थांबू नये. पुढे येऊन लोकांच्या जवळ उभे राहावे आणि सावकाश बोलावे. पडद्यावर चित्रे दाखवावयाची असतील तर मोजकी दाखवावीत. अक्षरांनी भरलेला पडदा वृद्धांना वाचता येत नाही आणि निरक्षरांना तो हिणवतो.

आयत्या वेळी बोलावे लागले तर काय करावे, असे नवे वक्ते विचारतात. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांना अनपेक्षितपणे बोलावण्यात आले. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत अशी समजूत असल्याने तयारी करून आलो नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. तरीही देशाच्या ऐक्याविषयीचे त्यांचे ते भाषण विरोधकांनीही उचलून धरले. आयत्या वेळचे भाषण आयुष्यभराच्या वाचनावर उभे असते. आपण रोज दोन पाने वाचली तरी आपल्यापुरती ती तयारी होते.

एक सूचना विशेषत्वाने करावीशी वाटते. उपासिकांना केवळ स्वागतगीतापुरते व्यासपीठावर बोलावू नये. धम्म सांगणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्र ठरलेल्या धम्मदिन्नेने आपल्या पूर्वाश्रमीच्या पतीच्या कठीण प्रश्नांची उत्तरे दिली आणि भगवंतांनी ती संपूर्ण मान्य केली. ही आपली परंपरा आहे. वर्षावासातील 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन अनेक ठिकाणी उपासिकाच करतात. वाचलेल्या भागावर पाच मिनिटे स्वतःच्या शब्दांत बोलण्यास त्यांना उद्युक्त केले तर प्रत्येक विहारात दोन-चार वक्त्या सहज तयार होतील.

कसोटी

शेवटी पुन्हा माण तालुक्यातील त्या अंगणाकडे येतो. त्या सकाळनंतर आम्ही एक लहानसा पायंडा पाडला आहे. प्रवचन संपले की आभारापूर्वी पाच मिनिटे मागून घेतो आणि श्रोत्यांपैकी एकास विनंती करतो : घरी कोणी विचारले तर आजचे काय सांगाल, ते येथेच सांगा. आरंभी कोणी पुढे येत नाही. मग एखादी शाळकरी मुलगी किंवा एखादा म्हातारा उठतो. कधी आम्ही ज्याला किरकोळ समजलो तेच त्याने उचललेले असते. कधी त्याने अर्थ उलटा घेतलेला असतो. तेव्हा आम्ही त्याची चूक काढीत नाही. आपल्या मांडणीतील चूक शोधतो आणि पुढच्या गावी ती दुरुस्त करतो. हे ऐकणे सुखाचे नसते. टाळ्यांनंतरच्या समाधानापेक्षा मात्र ते अधिक खरे असते.

पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला. या वेळी आम्ही दुःखाला कारण असते एवढेच सांगितले आणि त्यासाठी त्यांच्याच गावच्या आटलेल्या विहिरीचे उदाहरण घेतले. विहीर का आटली, याची कारणे लोकांनीच एकेक करून सांगितली आणि मग घरातील भांडणाची कारणेही तशीच शोधता येतात, येथपर्यंत आलो. सून त्या रात्रीही येऊ शकली नव्हती. सकाळी आम्ही निघालो तेव्हा म्हातारी चुलीपुढे बसून तिला विहिरीची गोष्ट सांगत होती. दोन ठिकाणी तिने आमचा क्रम बदलला होता आणि एका ठिकाणी तर आमच्यापेक्षा चांगले उदाहरण घातले होते. आम्ही मध्ये बोललो नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकले आणि गाडीची वेळ झाली तेव्हा निघालो.